भूलतज्ज्ञ: विभागात राहू की खासगीत जाऊ?

अर्धीझोप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. शिकवणाऱ्या इस्पितळातल्या भूल विभागात माझी सीनियर रेसिडेन्सी संपायला तीन महिने उरलेत. विभागप्रमुख म्हणतात, राहा इथेच, जागा आहे. आणि आमच्याच विभागातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एक ताई म्हणतात, आमच्या ग्रुपमध्ये ये, सहा जणी आहोत, सातवी हवीय.

पैशाचं उत्तर मला माहीत आहे, ते कृपया लिहू नका. 'मनाचं ऐक' हेही नको. मन सध्या फक्त 'झोप' एवढंच म्हणतं.

गेल्या आठवड्यात सुट्टी घेऊन ताईंबरोबर त्यांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दिवस काढला. सकाळी आठ ते दुपारी दीड, सात केसेस. आमच्याकडे तेवढ्या वेळात दोन होतात आणि दुसरीला टाके पडेपर्यंत सगळे घड्याळाकडे बघायला लागतात. ताई एका पेशंटला उठवता उठवता पुढच्याची फाइल वाचत होत्या. पण मला जास्त जाणवलं ते वेगळंच: तिथे त्यांना कोणी 'का' असं विचारत नव्हतं. आमच्याकडे फेंटानिल (वेदनाशामक) १०० मायक्रोग्रॅम दिलं की 'शंभरच का?' विचारणारं कोणीतरी असतंच. खाली ज्युनियर, वर सर, आणि परीक्षा जवळ आली असेल तर दोघंही. त्या 'का'चा मला वीट आलाय. आणि तो नसला तर मी वर्षभरात कुठे पोचेन, याची भीतीही वाटते.

दोन्ही बाजू पाहिलेल्यांनी सांगावं. प्रत्यक्ष टेबलाशी उभं राहिल्यावर काय बदलतं? आणि एकदा बाहेर गेलेल्याला परत येता येतं का?

जुनं_खोड

नऊ वर्षं शिकवलं, मग बाहेर पडलो, त्याला आता अकरा झाली. म्हणजे मत द्यायचा हक्क थोडा आहे.

हातापासून सुरू करतो. विभागात असताना लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) आत घातला की नजर कॉर्ड्सवर, म्हणजे स्वरयंत्राच्या पट्ट्यांवर, ठेवून मी उजवा हात नुसता बाजूला करायचो. श्वासनलिकेत घालायची ट्यूब तळहातात यायची. नऊ वर्षांत एकदाही मागावी लागली नाही. खासगीतल्या पहिल्या आठवड्यात तसाच हात केला. काही आलं नाही. 'ट्यूब' म्हणालो. मदतनीस मुलगा नवा होता, त्याने इमानेइतबारे सक्शनची नळी हातात दिली. त्याचं काय चुकलं? नळी मागितली, नळी मिळाली. पेशंट धडधाकट होता, ऑक्सिजन भरपूर भरून घेतला होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण त्या दिवसापासून ट्यूब माझी मी ठेवतो: उशीच्या उजव्या बाजूला, पाकीट फोडून, कफ (टोकाजवळचा फुगा) तपासून. तिच्या शेजारी अर्ध्या नंबराने लहान दुसरी, आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी). सक्शन उशीखाली, चालू करून. विभागात हे सगळं मी ज्युनियरांकडून करून घ्यायचो आणि 'मी तपासतो' असंच समजत होतो.

दुसरं, सर्जनचा वेग. यावर कोणी बोलत नाही, कारण ऐकायला क्षुल्लक वाटतं. विभागात हर्नियाला मी डोळे मिटून १५ मिलिग्रॅम हेवी बुपिवाकेन (पाठीत टोचून कमरेखाली बधिर करणारं औषध) द्यायचो, कारण शिकाऊ सर्जनला जाळी बसवायला किती वेळ लागेल ते देवालाच ठाऊक. खासगीत सर्जन चाळीस मिनिटांत हातमोजे काढून मोकळा. पेशंटचे पाय मात्र पुढचे तीन तास लाकडासारखे, लघवी तुंबलेली, आणि नातेवाईक दर दहा मिनिटांनी दारात: 'डॉक्टर, पाय कधी हलणार?' डोस उतरवायला शिकलो. छोट्या कामाला लवकर उतरणारं क्लोरोप्रोकेन वापरायला शिकलो, ४० ते ५० मिलिग्रॅममध्ये काम होतं आणि माणूस लवकर उठून चालतो.

स्नायू ढिले करणाऱ्या रोक्युरोनियमचंही तेच. विभागात मी शेवटी-शेवटी थोडं थोडं वाढवत राहायचो, कारण वेळ असायचाच. इथे एका पित्ताशयाला सवयीने वाढवलं आणि पाचव्या मिनिटाला सर्जन म्हणाला, 'माझं झालं.' औषध उतरलंय का बघायला नसेला विजेचे चार ठोके देतात; मॉनिटरवर चारपैकी एकही झटका नाही. इतक्या खोलातून निओस्टिग्मिनचा उतारा कोणाला वर काढत नाही, आणि सुगामाडेक्स हा दुसरा उतारा त्या ओटीत ठेवलेलंच नव्हतं. बसलो व्हेंटिलेटर लावून. पुढची केस बाहेर ताटकळत, सर्जन आत-बाहेर येरझाऱ्या घालतोय, सिस्टर माझ्याकडे 'नवीन दिसतात' अशा नजरेने बघतायत. चार झटक्यांचं (चौथ्याचं पहिल्याशी) प्रमाण ०.९ च्या वर गेल्याशिवाय ट्यूब काढायची नाही हे मी शंभर मुलांना शिकवलं होतं, त्यामुळे काढली नाही. पण ती पंचेचाळीस मिनिटं मी विसरणार नाही. तेव्हापासून कातडीला टाके सुरू व्हायच्या आधी सर्जनला विचारतो, 'अजून किती?' आणि तो सांगेल त्याच्या दीडपट धरतो. काही जणांच्या बाबतीत अर्धं.

आता खरा मुद्दा. धागाकर्तीने विचारलाय त्याच्या उलट बाजूचा. तुला 'का' विचारणारं कोणी राहणार नाही, ही तुझी काळजी. मला विचारशील तर 'का' आपला आपण विचारता येतो. अवघड जातं ते 'नाही' म्हणणं.

सत्तरीचे एक गृहस्थ, हर्निया, घाई कसलीच नाही. सकाळी टेबलावर घ्यायच्या आधी छातीला स्टेथो लावला तर वर उजवीकडे खरखरीत मरमर (हृदयाचा जादा आवाज), मानेपर्यंत जाणारी. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, असंही म्हणाले. हृदयाची झडप खरंच अरुंद असेल आणि स्पायनलने (पाठीतल्या भुलेने) रक्तदाब कोसळला तर हृदयाला स्वतःलाच रक्त पुरत नाही, आणि मग मागे येणं कठीण. मी म्हणालो, आधी एको (हृदयाची सोनोग्राफी). सर्जन म्हणाला, 'ठीक आहे डॉक्टर.' स्वर सपाट. एको झाला. झडप वयोमानाने जाड झालेली, अरुंद नाही. चार दिवसांनी ऑपरेशन झालं, भूल दुसऱ्या कोणी दिली, आणि त्या सर्जनने मला पुन्हा बोलावलं नाही. त्याच्या महिन्याला दहा-बारा केसेस असायच्या.

मी त्या दिवशी चुकलो नव्हतो, आणि बरोबरही ठरलो नाही. उद्या तशीच मरमर ऐकली तर पुन्हा तेच करीन. पण विभागात हेच मी फाइलवर एका ओळीत लिहून पुढच्या पेशंटकडे गेलो असतो. सही माझी असती, वजन विभागाचं. सर्जन चिडला असता तर एका आडनावावर नाही, 'भूलवाल्यांवर' चिडला असता. बाहेर 'नाही' तुझ्या एकटीच्या नावावर जमा होतं.

त्यावर मी काढलेला उपाय एवढाच की 'नाही' आदल्या दिवशी म्हणायचं. पेशंट आदल्या दिवशी बघतो; नाही जमलं तर निदान फोनवर बोलतो, रिपोर्ट मागवतो. सर्जनला संध्याकाळी सांगितलं की तो लिस्ट फिरवू शकतो. सकाळी, पेशंट हिरव्या गाऊनमध्ये आणि त्याचे हात धुवून झालेले असताना तेच वाक्य अपमान ठरतं. काही गोष्टी तर पहिल्या फोनवरच विचारून घेतो. कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आहे का? नसेल तर जनरल (पूर्ण बेशुद्धीची भूल) देत नाही. ऑक्सिजनचा जोडीचा सिलिंडर भरलेला आहे का? मशीनला लागणारा छोटा ई आकाराचा पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण ६६० लिटर असतात, मिनिटाला ८ लिटरने ऐंशी-बयाऐंशी मिनिटं. काटा अर्ध्यावर असला तर अर्धीच. हे गणित मी नऊ वर्षं तोंडी परीक्षेत विचारलं, आणि माझ्यावर करायची वेळ पहिल्यांदा बाहेर आल्यावर आली.

आणि ग्रुपमध्ये जाणार असशील तर ताईंना एकच विचार: रात्री अडीचला तू अडकलीस तर कोण येतं, किती मिनिटांत? मॅलिग्नंट हायपरथर्मियाचं (भुलेच्या वाफेने अंग भडकून जिवावर बेतणं) उदाहरण घे. मी अजून पाहिलेला नाही, पण हिशेब बघ. त्यावरचं औषध डँट्रोलिन, किलोला अडीच मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला १७५, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या जुन्या बाटल्या असतील तर नऊ. प्रत्येकीत ६० मिलिलिटर पाणी घालून पावडर विरघळेपर्यंत हलवत बसायचं. हा फक्त पहिला डोस. विभागात हाक मारलीस तर पाच जण बाटल्या हलवायला येतील. बाहेर तूच बाटली हलवणार, तूच वाफ बंद करणार, तूच बर्फ मागवणार. सहा जणींमधल्या कोणाकडे तरी याचं उत्तर तयार असेल तर तो चांगला ग्रुप.

उलटतपासणी

खोडसाहेबांचा विभाग बहुधा स्वर्गात होता. माझा अनुभव बरोबर उलटा.

शिकवणाऱ्या इस्पितळात लेक्चरर असताना रात्री मी एकटी आणि चालू ओटी दोन. एकात सिझेरियन, दुसऱ्यात फुटलेलं आतडं. हाताखाली तीन महिने झालेला एक मुलगा. 'सर घरून येतील' हे कागदावर. सरांना फोन केला तर म्हणाले, 'तू करशील गं.' केलं. कौतुकही झालं. ते कौतुक मला आजतागायत पचलेलं नाही.

आता खासगी ग्रुपमध्ये आहे. अवघड श्वासमार्गाला दोघींनी जायचं, हा आमचा नियम आहे, आणि तो सर्जनना पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो. हाक मारल्यावर कोण येतं हा प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो दोन्ही दारांवर विचार. विभागप्रमुखांनाही विचार.

दोन_बॅगा

+१ वरच्या दोघांनाही, जरी ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत.

माझी भर छोटी आहे. स्पायनलनंतरची डोकेदुखी. रेसिडेंट असताना मी जवळजवळ कधीच पाहिली नाही, आणि वाटायचं माझा हात हलका आहे. अहो, पेशंट तिसऱ्या दिवशी वॉर्डात डोकं धरून बसायची, तेव्हा मी तिसऱ्याच ओटीत असायचे. तिला बघायला दुसरंच कोणीतरी जायचं. खासगीत पहिल्या दोन महिन्यांत तीन फोन. तिन्ही बाळंतिणी, तिन्ही आडव्या पडूनच बोलत होत्या, बसलं की डोकं फुटतंय म्हणून. एकीला शेवटी ब्लड पॅच (तिचंच रक्त पाठीत टोचून सुईचं भोक बुजवणं) द्यावा लागला. त्या आठवड्यात टोकदार क्विन्की सुया बंद केल्या आणि पेन्सिलटोकाच्या २७ नंबरच्या आणल्या. पाठ्यपुस्तकात ते मी कधीच वाचलं होतं! पण सुई बदलली ती फोन माझ्या नंबरावर आला म्हणून.

अवांतर: हँडलमधली दुसरी बॅग इंट्रालिपिडची (बधिर करणारं औषध चुकून रक्तात गेलं तर द्यायचं चरबीचं द्रावण). ब्लॉक देते, म्हणजे नस बधिर करते, तिथे २० टक्क्यांची बाटली हाताशी असल्याशिवाय सुई उचलत नाही. किलोला दीड मिलिलिटर, पहिला डोस. आजवर फोडावी लागली नाही, मुदत संपली की बदलते. नवरा म्हणतो ही बॅग सहलीलाही आली होती. खरं आहे ते.

फळा_डस्टर

उशिरा आले. मी आतलीच, अठरा वर्षं, बाहेर जायचा विचार दोनदा आला आणि दोनदा गेला.

शिकवणं म्हणजे लेक्चर नव्हे, लेक्चर कोणीही देईल. शिकवणं म्हणजे तुला सहज दिसत असलेला घसा दुसऱ्याला दिसेपर्यंत हात मागे बांधून उभं राहणं. धडधाकट माणूस ऑक्सिजन नीट भरून झोपवला तर श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन ९० वर यायला गणिताने सुमारे आठ मिनिटं मिळतात, खूप लठ्ठ माणसात तीनसुद्धा नाहीत. माझा वर्ग त्या मिनिटांत भरतो. मुलगा घाम पुसतोय, ब्लेड दातांवर टेकतंय, मी म्हणते, 'उचल, वाकवू नकोस.' पेशंटचे दात, मुलाचा आत्मविश्वास आणि मॉनिटरचा सूर, तिन्हींकडे लक्ष. सूर उतरायच्या कितीतरी आधी 'दे इकडे' म्हणावं लागतं, आणि लवकर म्हटलं तर तो मुलगा आयुष्यभर घाबरतो. यात मी पहिली दोन वर्षं फार वाईट होते. सगळ्या ट्यूबा मीच घालायचे.

याची किंमतही सांगते, कारण आमच्यातलं कोणी सांगत नाही: हात गंजतात. गेल्या वर्षी मोजलं तर स्वतः घातलेल्या ट्यूबा महिन्याला चार-पाच. बाहेरची माणसं तेवढ्या एका सकाळी घालतात. म्हणून आता आठवड्यातली एक सकाळ माझी स्वतःची ठेवलीय, त्या दिवशी ज्युनियर बघतो आणि मी करते. त्यांना आवडत नाही. नाइलाज.

उलट बाजूला, अन्ननलिका नि श्वासनलिका जोडलेलं दोन दिवसांचं बाळ किंवा फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब उसळवणारी गाठ) बाहेर सहसा कोणी घेत नाही, ते आमच्याकडे येतं. आणि चूक झाली तर दर महिन्याच्या मृत्यू-गुंतागुंत सभेत ती चाळीस जणांसमोर मांडावी लागते. 'का'चा वीट आला म्हणतेस ना? त्या सभेतल्या 'का'ने मी रडलेही आहे. पण खासगीतल्या मैत्रिणी रात्री फोन करून मला केस सांगतात, 'तुला काय वाटतं, मी बरोबर केलं ना?' त्यांना ती सभा मिळत नाही, म्हणून माझ्या फोनवर भरवतात.

राहता राहिली कागदपत्रं, समित्या, हजेरी आणि बढतीसाठीचे शोधनिबंध. ते सगळं ऐकलंयस तितकंच कंटाळवाणं आहे, पुढे लिहीत नाही.

परत येता येतं का? आमच्या शास्त्रात विद्यापीठातली शिकवणी ज्याने उभी केली तो राल्फ वॉटर्सच मुळात बाहेरचा. १९१८ च्या सुमारास अमेरिकेतल्या सू सिटीत स्वतःचं भूल-क्लिनिक चालवत होता, विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला तो १९२७ ला. आणि राणी व्हिक्टोरियाला १८५३ मध्ये क्लोरोफॉर्म देणाऱ्या जॉन स्नोची प्रॅक्टिस बहुतांशी खासगीच होती, तरी दहा वर्षं प्रत्येक केसची नोंद वहीत ठेवत होता. त्याला कोणी 'का' विचारणारं नव्हतं, म्हणून स्वतःच लिहून काढायचा. तुलाही जमेल, वही फार महाग नसते.

अर्धीझोप

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं.

ताईंना विचारलं, रात्री अडीचला कोण येतं. त्या एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, 'आधी मी. मी बाहेर असेन तर… थांब, लिहून पाठवते.' अजून आलेलं नाही. विभागप्रमुखांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, 'तूच.' त्यांना तो विनोद वाटला असावा.

खोडसर, एक विचारायचं राहिलं. त्या मरमरवाल्या केसमध्ये सर्जनना तुम्ही नक्की कोणते शब्द वापरलेत? मी आरशासमोर म्हणून बघते तेव्हा एक तर माफी मागितल्यासारखं होतं, नाही तर भांडल्यासारखं.

जुनं_खोड

तेव्हा म्हणालो होतो, 'याला आज भूल देता येणार नाही.' चूक. आता म्हणतो, 'सर, मरमर ऐकू येतेय, एको हवा. गुरुवारी पहिली केस म्हणून घेऊ, मी साडेसातला येतो.' दिवस आणि वेळ आपणच सांगायची. त्यांनी गुरुवार नाही म्हटलं तर शुक्रवार म्हणायचं. एकोशिवाय म्हटलं तर मात्र पुन्हा पहिलंच वाक्य, तेवढंच, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही, मी मध्येच काहीतरी समजावत बसतो.

ताईंची यादी आली की इथे टाक. नावं नकोत, फक्त मिनिटं.